बातम्यांत रोज दिसणारा ‘संशयकल्लोळ’ शब्द घराघरांत पोचवणारं नाटक शंभर वर्षांनंतरही लोकांना का आठवतं?

निवडणूक जवळ आली, जागावाटपाची बोलणी सुरू झाली की मराठी बातम्यांत एक शब्द हमखास दिसतो. संशयकल्लोळ. आघाडीत संशयकल्लोळ, पक्षात संशयकल्लोळ, कधी टीम इंडियाच्या ड्रेसिंग रूममध्येही संशयकल्लोळ. शब्द वाचला की अर्थ लगेच कळतो: सगळे एकमेकांकडे वाकड्या नजरेने बघतायत आणि खरं काय ते कुणालाच माहीत नाही.

हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसवला तो एका नाटकाने. ‘संगीत संशयकल्लोळ’. १९१६ सालचं नाटक, म्हणजे शंभरी कधीच ओलांडली. तरीही घरातल्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या माणसासमोर नुसतं नाव काढून बघा. कुणी फाल्गुनरावाची नक्कल करून दाखवेल, कुणी एखादं पद गुणगुणेल, तर कुणी त्या प्रयोगाला सोबत कोण होतं ते सांगेल.

मराठीत शेकड्याने संगीत नाटकं आली आणि त्यातली बरीचशी आता फक्त अभ्यासकांच्या यादीत उरलीत. मग या एका विनोदी नाटकाची आठवण इतक्या प्रेमाने का निघते? नाटक नेमकं आहे काय, ते आलं कुठून आणि ते बघून घरी गेलेला माणूस सोबत काय घेऊन जायचा, हे सगळं सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी गोष्ट समजून घ्या

फाल्गुनराव आणि कृत्तिका हे नवरा-बायको. दोघंही कमालीचे संशयी. नवऱ्याला वाटतं बायकोचं बाहेर काहीतरी चालू आहे आणि बायकोला वाटतं नवऱ्याचं. पुरावा कुणाकडेच नाही, पण शोध मात्र दोघांचाही सुरू आहे.

दुसरी जोडी अश्विनशेठ आणि रेवतीची. अश्विनशेठ तरुण, श्रीमंत. रेवती ही मघा नायकिणीची मुलगी. दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम आहे आणि अश्विनशेठला तिच्याशी लग्न करायचं आहे. त्याने तिला आपली एक तसबीर दिली आहे. तसबीर म्हणजे छोटं चित्र, आजच्या भाषेत फोटो म्हणा.

एके दिवशी रेवतीला भोवळ येते. तिथे असलेला फाल्गुनराव तिला सावरतो. साधी माणुसकी. पण नेमकं हेच कृत्तिकेच्या नजरेस पडतं. झालं, तिच्या डोक्यातल्या शंकेला चेहरा मिळाला. त्या गडबडीत रेवतीकडची तसबीर खाली पडते आणि ती कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर निरखत असताना मागून फाल्गुनराव येतो आणि बघतो तर काय, बायको परपुरुषाचं चित्र बघत उभी! आता त्याच्या शंकेलाही चेहरा मिळाला.

पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातात अश्विनशेठला दिसते. तो विचार करतो, मी रेवतीला प्रेमाने दिलेली वस्तू या माणसाकडे कशी? म्हणजे रेवतीनेच दिली असणार. आणि रेवतीच्या कानावर अश्विनशेठ आणि कृत्तिकेबद्दल भलतंच येतं.

हिशोब लावा. माणसं चार, तसबीर एक, आणि चौघांनाही स्वतःचा संशय शंभर टक्के खरा वाटतोय. त्यात घरातली नोकरमंडळी आहेतच. भादव्यासारखा गडी धन्याला उत्तर देतो आणि त्या उत्तराने गोंधळ कमी व्हायचा सोडून आणखी वाढतो. शेवटी सगळे एकत्र येतात, तसबिरीचा प्रवास उलगडतो आणि जोड्या जुळतात.

नावांतली गंमत तुमच्या लक्षात आली का?

फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. पुरुषांची नावं मराठी महिन्यांवरून. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. बायकांची नावं नक्षत्रांवरून. अख्खं पंचांग स्टेजवर उतरलंय.

आता जरा कालनिर्णय डोळ्यांसमोर आणा. आपल्या महिन्यांची नावं नक्षत्रांवरूनच पडली आहेत. कृत्तिकेवरून कार्तिक, अश्विनीवरून आश्विन, फाल्गुनीवरून फाल्गुन. नक्षत्रं एकूण सत्तावीस. अश्विनी पहिलं आणि रेवती सत्ताविसावं, म्हणजे वर्तुळात मांडली तर ही दोघं एकमेकांच्या शेजारी. फाल्गुनी नक्षत्रं मात्र अकरावं आणि बारावं, तर कृत्तिका तिसरं. म्हणजे ज्यांचं प्रेम जुळतं ते आकाशातही शेजारी आणि ज्यांचं रोज भांडण ते आकाशातही लांब! नाटक बघताना एवढा हिशोब कुणी करत नसेल, पण ही नावं एकदा ऐकली की विसरता येत नाहीत हे नक्की. संशयी नवऱ्याला गमतीने ‘फाल्गुनराव’ म्हणायची पद्धत पडली ती याच नाटकामुळे.

पॅरिसहून लंडन आणि लंडनहून थेट मराठीत

या गोष्टीचं मूळ मराठी नाही. तिचा प्रवास सुरू होतो १६६० सालच्या पॅरिसमध्ये. फ्रान्सचा सगळ्यात मोठा विनोदी नाटककार मोलिएर याने ‘स्गानारेल’ नावाचं छोटं प्रहसन लिहिलं. त्यात एक मुलगी बेशुद्ध पडते, तिच्या हातातून प्रियकराचं चित्र पडतं, शेजारचा माणूस तिला सावरायला जातो आणि त्याची बायको ते बघते. ओळखीचं वाटतंय ना?

त्यानंतर शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फी या आयरिश लेखकाने तीच कल्पना घेऊन लंडनच्या रंगभूमीसाठी ‘ऑल इन द राँग’ हे मोठं नाटक लिहिलं. त्यातल्या संशयी जोडप्याचं आडनावच रेस्टलेस, म्हणजे सतत अस्वस्थ.

मर्फीचं हे नाटक मराठीत आणलं गोविंद बल्लाळ देवल यांनी. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, जन्म १८५५ चा. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांचे गुरू. देवलांनी आयुष्यात सात नाटकं लिहिली. त्यातलं ‘शारदा’ हे एकच पूर्णपणे स्वतंत्र. बाकीची संस्कृत किंवा इंग्रजीवरून घेतलेली.

पण ती वाचताना किंवा बघताना उसनी वाटत नाहीत, आणि देवलांचं खरं कसब तिथेच आहे. त्यांनी वाक्यं भाषांतरित केली नाहीत, माणसं मराठी केली. सर जॉन रेस्टलेसचा फाल्गुनराव झाला तेव्हा त्याच्याबरोबर घर, नोकर, शेजार, देवधर्म आणि बोलण्याची ढब असं सगळंच बदललं. हे नाटक मूळचं मोलिएरचं आहे हे सांगितल्यावर आजही अनेकांना खरं वाटत नाही.

गाणी नंतर आली

१८९३ मध्ये देवलांनी हे नाटक लिहिलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. ते गद्य नाटक होतं, म्हणजे त्यात गाणी नव्हती.

मधल्या काळात मराठी रंगभूमी बदलली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. पुरुष असून स्त्री भूमिका करणारे आणि गाण्याने लोकांना वेड लावणारे नट. देवल हे नाटककार होते तसेच कडक तालीम मास्तरही होते. बालगंधर्व आणि बोडस दोघंही त्यांच्या तालमीत तयार झालेले.

या मंडळीसाठी देवलांनी आपल्या जुन्या नाटकात पदं घातली आणि ‘संगीत संशयकल्लोळ’ तयार झालं. पण ते रंगभूमीवर आलेलं बघणं त्यांच्या नशिबात नव्हतं. १४ जून १९१६ ला देवल गेले आणि त्याच वर्षी पुढे नाटकाचा पहिला प्रयोग झाला. रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव गणपतराव बोडस.

म्हणजे विचार करा, लोकांना शंभर वर्षं हसवणारं हे संगीत नाटक त्याच्या लेखकाने प्रेक्षकांत बसून कधी बघितलंच नाही.

प्रेक्षकांना नेमकं काय आठवतं?

जुन्या प्रेक्षकांच्या बोलण्यातून, नटांच्या आत्मचरित्रांतून आणि घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या किश्श्यांतून या नाटकाच्या ज्या आठवणी पुन्हा पुन्हा येतात, त्या साधारण चार प्रकारच्या आहेत.

पहिली आठवण फाल्गुनरावाच्या चेहऱ्याची. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव इतका गाजला की नंतरच्या प्रत्येक नटाची तुलना त्यांच्याशी व्हायची. ही भूमिका अवघड आहे ती एका कारणासाठी. फाल्गुनराव स्वतः कधीच विनोद करत नाही. त्याच्या दृष्टीने त्याचं घर मोडतंय. तो जितका गंभीर, तितका प्रेक्षक जास्त हसतो. नट स्वतःच हसवायला गेला की भूमिका पडते. याच बोडसांनी तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, ‘एकच प्याला’तला दारूने संसार उद्ध्वस्त करणारा सुधाकर रंगवला आणि बालगंधर्व त्यात सिंधू झाले. काही काळापूर्वी पोट धरून हसवणारी हीच दोन माणसं आता रडवतायत, हे बघणाऱ्या प्रेक्षकांना काय वाटलं असेल!

दुसरी आठवण गाण्यांची आणि ‘वन्स मोअर’ची. त्या काळी प्रयोग रात्री सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. आवडत्या पदाला वन्स मोअर मिळाला की नट पुन्हा गायचा आणि दुसऱ्यांदा ते वेगळ्या अंगाने फुलवायचा. ग्रामोफोनच्या तबकडीवर एक पद जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत बसवावं लागे. थिएटरात तेच पद कितीही वेळ चालू शकत होतं. पुढे गंधर्व मंडळीत तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्यासारखे कलावंत आले. म्हणजे तिकीट एकाचं आणि कार्यक्रम दोन, विनोदी नाटक अधिक गाण्याची मैफल. आज ‘मृगनयना’ हे पद शास्त्रीय गायनाच्या कार्यक्रमात भारदस्तपणे गायलं जातं. ते एका धमाल विनोदी नाटकातलं आहे हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना माहीतही नसतं.

तिसरी आठवण छोट्या पात्रांची. भादव्या, रोहिणी ही नोकरमंडळी. धनी आणि धनीण आपापल्या नोकराकडून दुसऱ्याची बातमी काढायला बघतात आणि नोकर बिचारे दोघांच्या मध्ये अडकतात. गावोगावच्या हौशी मंडळींत मुख्य भूमिका गाणाऱ्याला मिळायची, पण गाता न येणाऱ्या गमत्या माणसाला भादव्या मिळायचा. कित्येक गावांत ‘आमचा भादव्या’ म्हणून एखाद्या काकांची ओळख आयुष्यभर राहायची.

चौथी आठवण स्टेजवरची नाहीच. ती शेजारच्या खुर्चीवरची आहे. हे नाटक लोकांनी नवरा-बायकोने मिळून, अख्ख्या कुटुंबाने मिळून बघितलं. फाल्गुनराव बायकोची उलटतपासणी करायला लागला की प्रेक्षागृहात कुणाची तरी कोपरखळी कुणाला तरी बसायची. ‘बघा, अगदी तुम्हीच’ असं हळूच म्हटलं जायचं. घरी जाताना टांग्यात, बसमध्ये किंवा पायी नाटकाची उजळणी व्हायची. लोकांना नाटकाइतकीच ती परतीची वाटही आठवते.

हसू येतं कारण आपल्याला सगळं माहीत असतं

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. संशय ही काही हसण्याची गोष्ट नाही. संशयाने घरं मोडतात, माणसं जिवाला मुकतात. मग या नाटकात हसू का येतं?

याचं उत्तर देवलांच्याच दुसऱ्या नाटकात सापडतं. ‘फाल्गुनराव’ लिहिण्याच्या तीनच वर्षं आधी, १८९० मध्ये, त्यांनी ‘झुंझारराव’ मराठीत आणलं होतं. हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं रूपांतर. त्या गोष्टीत एक रुमाल आहे. नवऱ्याने बायकोला दिलेला रुमाल भलत्याच्या हाती जातो, नवरा त्याला पुरावा समजतो आणि निरपराध बायकोचा जीव घेतो.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. एकीकडे रुमाल, दुसरीकडे तसबीर. दोन्हीकडे प्रेमाने दिलेली वस्तू, ती चुकीच्या हातात जाणं, समोरच्याला न विचारता स्वतःच निकाल लावणं. लेखक तोच आणि आजारही तोच. एका नाटकाचा शेवट खुनात, दुसऱ्याचा लग्नात.

फरक कशाने पडला? ‘ऑथेल्लो’मध्ये कानात विष ओतणारा एक माणूस आहे. शंका कुणीतरी मुद्दाम पेरली आहे आणि वेळ संपेपर्यंत नायकाला सत्य कळत नाही. ‘संशयकल्लोळ’मध्ये खलनायकच नाही. कुणी कट करत नाही, कुणी वाईट नाही. गोंधळ फक्त अर्धवट बघण्यामुळे आणि अर्धवट ऐकण्यामुळे होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, इथे माणसं भांडत भांडत का होईना, पण एकमेकांच्या समोर येतात. समोरासमोर आली की तसबीर कुठून कुठे गेली ते दहा मिनिटांत उलगडतं.

प्रेक्षकाला हे सगळं पहिल्यापासून माहीत असतं. तसबीर पडताना आपण पाहिलेली असते. रेवती निर्दोष आहे, कृत्तिका निर्दोष आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यामुळे फाल्गुनराव जितक्या आत्मविश्वासाने चुकीचा निष्कर्ष काढतो, तितकं आपल्याला हसू येतं. आणि हसता हसता एक गोष्ट आत कुठेतरी टोचतेही. आपणही घरी असेच अर्ध्या पुराव्यावर निकाल लावतो की! तेव्हा प्रेक्षकांत बसून आपल्यावर हसणारं मात्र कुणी नसतं.

शेजारच्या खुर्चीवरची कोपरखळी लोकांच्या लक्षात राहिली ती यामुळेच. हे नाटक भाषण न देता नवरा-बायकोला एकमेकांच्या संशयावर एकत्र हसायची सोय करून देत होतं. ज्या गोष्टीवर दोघं एकत्र हसलेत, तिच्यावरून त्याच रात्री भांडण काढणं जरा अवघडच जातं.

रेवतीवरचा संशय मात्र वेगळा

या नाटकाकडे आजच्या नजरेने बघताना एक पात्र नीट बघायला हवं. रेवती.

कृत्तिकेवर नवरा संशय घेतो कारण तो स्वभावानेच संशयी आहे. रेवतीवर मात्र संशय घेणं सगळ्यांनाच सोपं जातं, कारण ती नायकिणीची मुलगी आहे. त्या काळी नायकिणींच्या घरातल्या मुलींकडे समाज कोणत्या नजरेने बघत होता हे सांगायला नको. गाणं, नाच, कला यांच्याकडून घ्यायची, पण लग्नाच्या गोष्टीत यांना धरायचं नाही, असा तो मामला. त्यामुळे तसबीर दुसऱ्याच्या हातात दिसल्यावर अश्विनशेठच्या मनात लगेच काय येतं, त्यात त्याच्या एकट्याचा दोष नाही. समाजाने आधीच लिहून ठेवलेलं उत्तर तो वाचतो.

देवलांनी शेवट काय केला? रेवतीला खरी ठरवली, तिच्या प्रेमाला मान दिला आणि तिला सन्मानाने संसारात आणलं. याच देवलांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणून वसंतसेना ही गणिका नायिका प्रेक्षकांसमोर ठेवली होती आणि ‘शारदा’मध्ये म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या मुलीची बाजू घेतली होती. ‘संशयकल्लोळ’ हे कुणाला सुधारणेचं नाटक वाटत नाही, कारण ते सतत हसवतं. पण नायकिणीच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून तेव्हाचं पांढरपेशं प्रेक्षागृह आनंदाने टाळ्या वाजवत होतं, ही छोटी गोष्ट नव्हती.

यात आणखी एक गंमत, किंवा विरोधाभास म्हणा. ही रेवती रंगवत होता एक पुरुष. घरंदाज बायकांनी स्टेजवर येणं तेव्हा मान्य नव्हतं, पण बालगंधर्वांच्या साड्या आणि दागिने बघून त्याच घरंदाज बायका आपली फॅशन ठरवत होत्या. पुढे काळ बदलला आणि गायक-अभिनेत्रींनी ही भूमिका आपली केली. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी पुण्यात उभ्या केलेल्या ‘मराठी रंगभूमी’ संस्थेने संगीत नाटकांचे प्रयोग नेटाने चालू ठेवले आणि त्यांची मुलगी कीर्ती शिलेदार यांची रेवती अनेकांनी डोळे भरून पाहिली.

बोलपट आले, तरीही हे नाटक कसं टिकलं?

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’. सिनेमा बोलायला आणि गायला लागल्यावर संगीत नाटक मंडळ्यांचं गणित कोसळलं. मोठा कुटुंबकबिला, वाद्यवृंद, पडदे आणि पोशाख घेऊन गावोगाव फिरणं परवडेना. बऱ्याच मंडळ्या बंद पडल्या.

‘संशयकल्लोळ’ टिकलं त्याची कारणं साधी आहेत. याला राजवाडा लागत नाही, रथ लागत नाही, देवादिकांचे मुकुट लागत नाहीत. दोन घरं आणि एक तसबीर, एवढ्यावर नाटक उभं राहतं. विषय घरातला, त्यामुळे जुना होत नाही. आणि गाणी बाजूला काढली तरी नाटक उभं राहतं, कारण मुळात ते गद्य नाटकच होतं. एखाद्या गावात गाणारे कमी असतील तर पदं कमी करायची, हसू कमी होत नव्हतं.

म्हणूनच गणेशोत्सवाचे मांडव, गावच्या जत्रा, संमेलनं आणि राज्य सरकारची संगीत नाट्य स्पर्धा अशा सगळीकडे हे नाटक होत राहिलं. गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघाने जुनी संगीत नाटकं पुन्हा रंगमंचावर आणली. कोकणात आणि गोव्यात तर संगीत नाटक हा घरचाच विषय. गोव्यातल्या देवळांच्या उत्सवात गावकऱ्यांनी स्वतः रात्रभर नाटक करायची परंपरा आहे. रामदास कामत, प्रसाद सावकार यांच्यासारखे गायक नट याच मातीतून आले.

अलीकडची गोष्ट सांगायची तर निपुण धर्माधिकारीने हे नाटक आटोपशीर करून नव्याने बसवलं. प्रशांत दामले फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे अश्विनशेठ. आजीने बालपणी बघितलेलं नाटक नातवाने ऑनलाइन तिकीट काढून तिच्यासोबत पुन्हा बघितलं, असं त्यामुळे खरंच घडू शकलं.

आठवण हेच रेकॉर्डिंग

आज आपण नाटकाच्या पडद्याचा फोटो काढतो, कलाकारांबरोबर सेल्फी घेतो, स्टोरी टाकतो. १९१६ मध्ये यातलं काहीच नव्हतं. बालगंधर्वांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या म्हणून त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला. पण बोडसांचा फाल्गुनराव कसा चालायचा, कसा थांबायचा, तसबीर बघून त्याचा चेहरा कसा व्हायचा, हे कुठल्याच तबकडीवर मावलं नाही. ते फक्त प्रेक्षकांच्या डोक्यात साठलं आणि त्यांनी ते सांगितलं म्हणून पुढे आलं.

गणपतराव बोडसांनी ‘माझी भूमिका’ हे आत्मचरित्र लिहिलं, चिंतामणराव कोल्हटकरांनी ‘बहुरूपी’ लिहिलं. ‘बहुरूपी’ला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. नटांची बाजू अशी कागदावर उतरली. प्रेक्षकांची बाजू मात्र बहुतेक तोंडीच राहिली. ज्यांनी बालगंधर्वांची रेवती ऐन बहरात पाहिली ती पिढी आता नाही. शिलेदारांचे, साहित्य संघाचे, गावच्या मांडवातले प्रयोग पाहिलेली पिढी मात्र अजून आपल्या घरात आहे.

तुम्ही काय करू शकता?

एक, नाटक बघा. व्यावसायिक प्रयोग लागला नसेल तर तुमच्या शहरातल्या संगीत नाट्य स्पर्धेवर लक्ष ठेवा. तिथे हौशी संस्था अशी नाटकं जीव ओतून करतात आणि तिकीट फारसं महाग नसतं.

दोन, नाटक करा. देवलांना जाऊन शंभरहून जास्त वर्षं झाली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे मूळ संहितेवर आता कुणाचाच हक्क नाही. कॉलेजच्या ग्रुपला, सोसायटीच्या गणपतीला, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळालाही हे नाटक मोकळेपणाने करता येतं. भादव्या कोण होणार यावरून भांडण होईल, तेवढं सांभाळा.

तीन, हे सगळ्यात सोपं. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा: ‘संशयकल्लोळ पाहिलंय का? कुठे? सोबत कोण होतं?’ आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. कथा तुम्हाला आता माहीत आहेच. त्या प्रयोगाच्या रात्री पाऊस होता का, कुणाची चप्पल हरवली, आजोबा कुठल्या वाक्याला जोरात हसले आणि आजीने त्यांच्याकडे कसं बघितलं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

बाकी ब्लू टिक आली पण रिप्लाय आला नाही, ‘लास्ट सीन’ रात्री दोनचं दिसतंय, फोटोला कुणीतरी हार्ट टाकलंय, अशा कारणांनी तुमच्या डोक्यात फाल्गुनराव जागा झालाच, तर तसबिरीची गोष्ट आठवा. दिसलेलं खरं असतं, पण ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं समोरच्याला विचारल्याशिवाय कळत नाही.